कुंचीतला वरवंटा

आईनं पिशवीतून दुधाच्या पावडरीचा डबा काढला आणि बोरावक्यांच्या फडताळात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा, अगदी मधोमध ठेवला.

"हे काय, विहीणबाई?" माईंनी विचारलं. माई म्हणजे माझ्या वहिनीची आई. घर त्यांचं, फडताळ त्यांचं, आणि डबा आमचा.

"असू दे हो. लागला तर."

"लागेल कशाला?"

"नाही लागला तर सोन्याहून पिवळं," आई म्हणाली आणि डब्याचं चित्र असलेलं अंग पुढे वळवून ठेवलं. चित्रात एक गुटगुटीत बाळ हसत होतं. आमचं बाळ तेव्हा आतल्या खोलीत घर डोक्यावर घेत होतं.

आम्ही सकाळी लोणंदहून एसटी बदलत भोरला पोचलो होतो. वहिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळाला सव्वा महिना झाला होता आणि संध्याकाळी बारसं होतं. दादाला रजा मिळाली नव्हती, त्यामुळे तो सुटला. आलो आई, तात्या आणि मी. मी म्हणजे शैला, बाळाची एकुलती एक आत्या. बारशात नाव ठेवायचा मान माझा, आणि पाठीत धपाटे खायचा मानही माझाच.

बाळ दिसायला गोड होतं, रंग आमच्याकडचा, नाक त्यांच्याकडचं. पण दूध पिऊन झालं रे झालं की त्याचं सुरू व्हायचं. पाय पोटाशी घ्यायचे, मुठी आवळायच्या, टोमॅटोसारखं लाल व्हायचं आणि असा काही टाहो फोडायचा की ओसरीवर बसलेल्या तात्यांनी पेपर खाली ठेवून विचारावं, "कुणी मारलं का त्याला?"

"पोटात वारा धरलाय," आई म्हणाली.

"वाराच आहे," माई म्हणाल्या.

एवढ्या एका गोष्टीवर दोन विहिणींचं एकमत झालं. पुढे मात्र वारा कुणाचा, यावर जे जुंपलं ते जुंपलं.

"तुम्ही हिला जेवायला काय घालता?" आईनं विचारलं.

"बाजरीची भाकरी, मेथी, अळीव, डिंकाचे लाडू. बाळंतिणीचं घालतो तेच."

"आणि वरण?"

"तुरीचं."

"झालं तर मग!" आईनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू चोर सापडला. "तुरीचं वरण हिच्या पोटात, आणि वारा माझ्या नातवाच्या."

माई काही कमी नव्हत्या. त्या ओसरीकडे बघत म्हणाल्या, "वाऱ्याचं काय हो, काही काही घराण्यांत तो असतोच म्हणे."

तेवढ्यात, देवानं वेळ साधावी तशी, तात्यांनी ओसरीवर ढेकर दिली. आमच्या तात्यांची ढेकर म्हणजे ऐकणाऱ्यानं दाराकडे बघावं, एवढी. लोणंदला शेजारच्या काकू त्यावरून आमची जेवणं झाली असं समजायच्या. आईचं तोंड एकदम बारीक झालं.

मग उपाय सुरू झाले. आईचा उपाय ओव्याचा. ओवा तव्यावर गरम करायचा, फडक्यात त्याची पुरचुंडी बांधायची आणि पोट शेकायचं. माईंचा उपाय हिंगाचा. हिंग पाण्यात कालवायचा आणि बेंबीभोवती लावायचा. आणि कोपऱ्यात पाटावर बसलेल्या ताराक्का, माईंच्या थोरल्या जाऊबाई, यांचा उपाय दृष्ट काढायचा. ताराक्कांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोर माणूस आहे की खुंटीवरचा सदरा, हे त्यांना विचारून घ्यावं लागायचं. पण घरात शब्द त्यांचाच चालायचा. ताराक्कांच्या मांडीवर दिलेलं मूल उचलायची कुणाची छाती नव्हती.

दुपारी बाळ दूध प्यायला लागलं आणि मी दाराशी उभी राहून सगळा तमाशा बघितला. खोलीच्या उंबऱ्यावर एका बाजूला आई पुरचुंडी घेऊन, दुसऱ्या बाजूला माई हिंगाची वाटी घेऊन. वहिनीनं बाळाला खांद्यावर घेतलं, पाठीवरून जेमतेम दोनदा हात फिरवला असेल, तोच आई पुढे झाली. "आण इकडे, गरम आहे तोवर शेकून घेते." बाळ आडवं. शेकून होत नाही तोच माई, "द्या, हिंग वाळतोय." बाळ पुन्हा आडवं. हिंग लावून होत नाही तोच ताराक्का म्हणाल्या, "पाळण्यात घाला गं, झोके द्या." बाळ पाळण्यात. आणि मग तो टाहो! वहिनी हात तसेच पुढे धरून बसलेली. मुलाला कुणी नेलं ते बघत.

आईनं कपाळावरचा घाम पुसला आणि फडताळाकडे बोट केलं. "हे बघा, स्पष्ट सांगते. हिचं दूधच बाधतंय त्याला. संध्याकाळी चार बायका येतील. माझा नातू नाव ठेवताना पाळण्यात असा ओरडला, तर आज रात्रीपासून डबा. अंगावरचं बंद. आणि परवा ह्यांना सांगून हिला लोणंदला घेऊन जाते. माझ्या डोळ्यांसमोर असलेली बरी."

माईंनी हिंगाची वाटी खाली ठेवली. पोर तर खरंच रडत होतं.

मी आत गेले तर वहिनी भिंतीकडे तोंड करून रडत होती. वहिनी माझ्याहून फार तर दोन-तीन वर्षांनी मोठी. लग्न होऊन आली तेव्हापासून माझी मैत्रीणच. मला वन्सं म्हणायची, पण कैऱ्या चोरायला माझ्याबरोबर यायची.

"रडू नको गं," मी म्हटलं. "आई बोलते तशी नाहीये ती."

"बोलू दे हो. पण माझं दूध वाईट नाहीये, वन्सं." तिनं डोळे पुसले. "परवा सगळ्याजणी शेजारी हळदीकुंकवाला गेल्या होत्या. ताराक्का झोपल्या होत्या. मी याला पाजलं आणि खांद्यावर घेऊन नुसती बसून राहिले. खूप वेळ. काहीच झालं नाही आधी. याला वेळच लागतो हो. मग एक ढेकर दिली यानं आणि असा झोपला, असा झोपला, की मीच दोनदा नाकाशी बोट धरून बघितलं."

"मग सांग ना त्यांना!"

"सांगितलं. आई म्हणते, 'तो माझ्या हिंगाचा गुण.' हिंग लावला होता सकाळी! मला फक्त थोडा वेळ हवाय, वन्सं. कुणी नको. हिंग नको, ओवा नको. पण मी खांद्यावर घेतला की लगेच काढून घेतात. तुमच्या आईंना नाही म्हणू? माझ्या आईला नाही म्हणू?"

ती पुन्हा रडायला लागली आणि मला इतका राग आला म्हणून सांगू! एवढ्या मोठ्या बाया, आणि एका पोराला सुखानं ढेकर देऊ देत नाहीत!

आता वरवंट्याचं सांगते. आमच्याकडे बारशात बाळाला पाळण्यात घालायच्या आधी पाट्यावरचा वरवंटा घालतात. त्याला धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, कुंची घालून अगदी बाळासारखं नटवायचं. मग दोघीजणी समोरासमोर उभ्या राहून तो पाळण्याखालून आणि वरून एकमेकींकडे देतात, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या," असं म्हणत. बाळ वरवंट्यासारखं दणकट व्हावं म्हणून. तर हा वरवंटा नटवायचं काम आत्या म्हणून माझ्याकडे आलं होतं, आणि तो त्याच खोलीत, चटईवर, हिरवी कुंची घालून पडला होता.

मी त्याच्याकडे बघितलं. मग वहिनीकडे बघितलं.

"वहिनी, आता पुन्हा कधी पाजशील?"

"बायका यायच्या आधी. का हो?"

"पाज. आणि मग दाराला आतून कडी घाल."

"आणि बाहेर काय सांगू?"

"बाहेरचं माझ्याकडे दे."

बायका यायच्या थोडं आधी बाळ दूध प्यायला लागलं. उंबऱ्यावर दोन्ही विहिणी हजर. पुरचुंडी गरम, हिंग ताजा. मी दार लोटून घेतलं, वरवंटा शालीत गुंडाळला, कुंचीची झालर पुढे ओढली, खांद्याशी धरला आणि ओठावर बोट ठेवून बाहेर आले.

"शू! झोपलाय."

"झोपला?" दोघी एकदम म्हणाल्या.

"हळू बोला. ताराक्कांच्या मांडीवर देते. उघडू नका, वारा लागेल."

आई हात पुढे करतेय तोवर मी सटकन तिच्या बगलेतून निघाले आणि वरवंटा ताराक्कांच्या मांडीवर ठेवला. मागे कडी लागल्याचा आवाज मी ऐकला आणि माझा जीव भांड्यात पडला.

ताराक्कांनी मांडी हलवायला सुरुवात केली. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "केवढं जड झालंय गं पोरगं!"

आईचा चेहरा फुलला. "रासकरांचं हाड आहे ते. आमच्याकडे सगळे असेच, भरभक्कम."

"भरभक्कम होतोय ना?" माईंनी ही संधी सोडली नाही. "मग माझ्या लेकीचं दूध अंगी लागतंय असंच झालं की."

मी मनातल्या मनात वरवंट्याला नमस्कार केला.

तेवढ्यात आतून बारीकसं कुंई ऐकू आलं. माईंनी मान वळवली. मला दुसरं काही सुचेना, मी दाराला पाठ लावून भसाड्या आवाजात पाळणा म्हणायला लागले.

"काय गं हे, शैला?" आई म्हणाली. "झोपलाय ना तो?"

"सराव करतेय," मी म्हटलं. "संध्याकाळी म्हणायचा आहे ना."

"तू म्हणू नकोस. उठेल तो."

माझा गळा तसा काही फार वाईट नाही, पण त्या दिवशी घाबरून कुठल्या कुठे चालला होता. ओसरीवरून तात्यांनी विचारलं, "पुन्हा कुणी मारलं का?"

ताराक्का मात्र आता मांडी हलवायच्या थांबल्या होत्या. त्यांनी शालीवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. कपाळाला आठ्या घातल्या.

"अगं, याचं पोट बघा गं. कडक लागतंय. नुसता दगड झालाय पोटाचा!"

झालं! माई वाटी घेऊन डावीकडून, आई पुरचुंडी घेऊन उजवीकडून. मी पुढे धावले. "शाल काढू नका! वारा लागेल! वारा!" दुसरं काय म्हणणार? पण त्या दोघींना ते पटलं. नातवाला वारा लागायला नको म्हणून दोघींनी शाल न काढता दोन बाजूंनी आत हात घातले.

माईंनी हिंगात बोटं बुडवली आणि आत चाचपायला लागल्या. चाचपतायत, चाचपतायत. "बेंबी कुठे गेली गं याची?"

"काय हो विहीणबाई," आई म्हणाली, "तुम्ही एवढ्या लेकुरवाळ्या, आणि तुम्हाला बेंबी सापडेना? सरा, मी शेकते." तिनं पुरचुंडी आत सारली आणि दाबली. मग थोडी वर दाबली. मग थोडी खाली. मग तिचा हात थांबला.

माईंचाही थांबला.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग आईनं हळूच कुंची मागे सारली आणि शाल उलगडली.

आत वरवंटा. कपाळाला मी लावलेलं हळदकुंकू, आणि पोटावर हिंगाचं गोल गोल सारवण.

घरात असा सन्नाटा पसरला की चुलीवरच्या दुधाची सायसुद्धा ऐकू यावी. मी दाराला पाठ लावून उभी. आईनं माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत काय होतं ते मी अजून विसरले नाही. आता लोणंदपर्यंत पायीच घालवते की काय, असं मला वाटलं.

आणि त्या शांततेत, बंद दाराच्या मागून, ढेकर आली.

काय सांगू तुम्हाला! एवढंसं पोर, सव्वा महिन्याचं. पण ती ढेकर अशी दणदणीत, खालून वर आलेली, भरल्या पंगतीतून उठलेल्या माणसानं द्यावी तशी.

ओसरीवरून तात्या घाईघाईनं ओरडले, "मी नाही हं! ही माझी नव्हे!"

आधी कोण हसलं ते मला आठवत नाही. माई असाव्यात. त्यांनी पदर तोंडाशी नेला, पण हिंगाची बोटं नाकाशी गेली आणि त्या शिंकायला लागल्या. मग आई. आईला हसायचं नव्हतं, ती दात ओठ खात होती. पण तिच्या हातात वरवंट्याला शेकायची पुरचुंडी होती आणि समोर हिंग लावलेला वरवंटा. खदखदा हसायला लागली ती, आणि हसता हसता मला म्हणाली, "थांब कार्टे, घरी चल तू."

"काय झालं गं?" ताराक्का विचारत होत्या. "बरं वाटलं का त्याला?"

कडी निघाली. वहिनी दारात उभी राहिली. बाळ तिच्या खांद्यावर, मान टाकून, तोंड उघडं, गाढ झोपलेलं. वहिनी कुणाकडेच बघत नव्हती. मार बसायचा असल्यासारखी उभी होती.

आई तिच्याजवळ गेली. बाळाकडे बराच वेळ बघत राहिली.

"किती वेळ धरलं होतंस?"

"तुम्ही..." वहिनीनं ताराक्कांच्या मांडीकडे बघितलं. "तुम्ही त्याला शेकत होतात तेवढा वेळ."

आई पुन्हा हसली. मग एकदम गंभीर झाली आणि म्हणाली, "तुला कुणी वेळच दिला नाही गं." बस्, एवढंच. माझ्या आईकडून एवढं म्हणजे खूप झालं. पण लगेच तिनं माईंकडे वळून हिशेब चुकता केला. "ढेकर ऐकलीत ना, विहीणबाई? रासकरांची आहे ती."

"हो बाई," माई डोळे पुसत म्हणाल्या, "ती तुमचीच. नाक आमचं."

बारसं छान झालं. बाळ पाळण्यात झोपूनच होतं. फक्त वरवंटा वरखाली देताना प्रत्येक बाई नाक वर करून विचारायची, "फोडणी कसली गं घातलीय?" आणि वरवंटा देणाऱ्या त्या दोघी विहिणी एकमेकींकडे न बघता "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणायच्या आणि मधेच फुटायच्या. मी वाकून बाळाच्या कानात "पराग" असं नाव सांगितलं, कुर्र केलं, आणि मग पाठीत धपाटे बसले. रीत म्हणून बायका हळूच मारतात. पण त्यात दोन धपाटे असे बसले की परागऐवजी मीच ढेकर देते की काय असं झालं. एक आईचा होता आणि एक माईंचा. रीत किती आणि राग किती, ते त्यांनाच ठाऊक.

डबा फोडला नाही. वहिनी ठरल्याप्रमाणे माहेरी राहिली. आई निघताना डबा पिशवीत घालत होती, तर माई म्हणाल्या, राहू दे, चहाला होईल. लोणंदला जाईपर्यंत आई एसटीत मधूनमधून एकटीच हसत होती, आणि तात्या दर वेळी विचारत होते, "माझ्यावर हसतेस का?"

आता आई, तात्या, माई, ताराक्का कुणीच नाहीत. पराग पुण्यात असतो, आणि गेल्या महिन्यात त्याच्या मुलाचं बारसं झालं. त्यांच्याकडे वरवंटा कुठला असायला! म्हणून मी लोणंदहून आमचा, आईच्या हातचा वरवंटा पिशवीत घालून घेऊन गेले.

दार उघडलं तेच रडण्याच्या आवाजानं. माझी वहिनी, आता गुडघे धरून चालणारी, सुनेच्या खोलीबाहेर उभी होती. एका हातात ओव्याची पुरचुंडी, दुसऱ्या हातात ड्रॉपची बाटली.

"बरं झालं आलात, वन्सं," ती म्हणाली. "बघा हो, प्यायला की रडतो. मी ऋजुताला म्हटलं, तुझं दूधच याला बाधत असेल. डबा मागवून ठेवलाय मी."

मी स्वयंपाकघराकडे बघितलं. डबा ओट्यावर होता. अगदी मधोमध.

आत ऋजुता बाळाला खांद्यावर घेऊन बसली होती. डोळे सुजलेले. माझ्याकडे बघून कसनुसं हसली आणि म्हणाली, "मला जरा वेळ मिळाला असता ना, आत्या."

मी पिशवी उघडली, वरवंटा काढला, त्याला नवी कुंची घातली, शालीत गुंडाळला आणि बाहेर येऊन सोफ्यावर बसलेल्या वहिनीच्या मांडीवर ठेवला.

"हे काय? दिलं का तिनं?"

"झोपलाय," मी म्हटलं. "जरा पोट बघ गं त्याचं. कडक लागतंय."

वहिनीनं शालीत हात घातला. हात थांबला. मग तिनं कुंचीची झालर मागे सारून वरवंट्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. हसतही होती, बाई माझी, आणि रडतही होती.

"मी पण तसलीच झाले का हो, वन्सं?"

"थोडीशी," मी म्हटलं.

तिनं पदरानं डोळे पुसले आणि आवाज चढवला. "ऋजुता! आतून कडी घाल. काही घाई नाही गं. लागेल तेवढा वेळ घे. मी आहे इथं."

कडी लागली. वहिनी गुडघे सावरत उठली, दारासमोर खुर्ची ओढली आणि मांडीवर वरवंटा घेऊन ऐसपैस बसली. तेवढ्यात ऋजुताची आई लगबगीनं आली. तिच्या हातात वाटी होती, आणि वाटीत कालवलेला हिंग.

"शू," वहिनी म्हणाली आणि मांडी हलवायला लागली. "झोपलाय, विहीणबाई. आणा इकडे, मी लावते."